एकेरी की परतीचं

लामारा बाई दर बुधवारी शिकवतात,
कुताइसीच्या बस-स्टँडमागे, टायरच्या दुकानावरच्या माळ्यात.
आम्ही नऊ ड्रायव्हर. खाली हवेचा पंप सुरू झाला
की बाई खडू तसाच धरून थांबतात,
त्याचा दम संपेपर्यंत.
चाळीस वर्षं त्यांनी रशियन शिकवलं.
इंग्रजीत त्या आमच्यापुढे एकच धडा आहेत,
आणि हे लपवत नाहीत.

व्हॉट टाइम डज इट लीव्ह?
मी म्हटलं, बाई, माझी गाडी वेळेवर सुटत नाही,
भरली की सुटते. त्याला काही आहे का?
बाईंनी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं.
नाही रे मुर्मान, म्हणाल्या,
त्यांच्या गाड्या रिकाम्याच निघत असतील.

सगळं मी आमच्या गोल अक्षरांत उतरवलं
आणि डॅशबोर्डवर चिकटवलं,
संत गिओर्गीच्या घोड्याखाली.
लाल सिग्नलला पुटपुटतो: फास्टन युवर सीट बेल्ट.
गाडीत पट्टे दोनच, त्यातल्या एकाने मागचं दार बांधलंय.
मेस्तियाच्या म्हाताऱ्यांना वाटतं मी प्रार्थना करतोय,
त्याही छातीवर क्रूस काढतात.

लगेज बसला. ब्रिज बसला.
मिस मात्र बसेना.
गाडी चुकली तरी मिस,
माणसाची आठवण आली तरी मिस.
तोर्निके म्हणाला, काय गरीब भाषा,
एकाच शर्टावर लग्नही आणि मयतही.
बाई म्हणाल्या, लिहून घ्या.

आणि सिंगल ऑर रिटर्न?
हे शिकवावं लागलं नाही.
थेसालोनिकीची बस इथूनच सुटते, कोपऱ्यातल्या फलाटावरून.
खिडकीतल्या बाईने विचारलं होतं, आमच्याच भाषेत,
आणि पैसे माझ्या हातात असताना
उत्तर त्सियालाने दिलं.
एका ग्रीक म्हातारीला आंघोळ घालायची, भरवायचं.
दोन वर्षं. बँकेचं फिटेपर्यंत.
ती म्हातारी गेली. मग दुसरी.
आताची तिसरी त्सियालाला आपली लेकच समजते,
फोनवर मागून हाक मारत असते.

तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं,
हाउ लाँग इज द जर्नी?
मी म्हटलं, इलेव्हन.
इलेव्हन काय? अवर्स?
मी खाली पंपाकडे बघत राहिलो.
बाईंनी बरोबरची खूण केली.

गेल्या मंगळवारी खाइशीच्या पुढे दरड आली.
पुढे सात गाड्या, मागे मोजल्या नाहीत.
ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एक कोरियन मुलगी,
मांडीवर तळहाताएवढं पुस्तक.
एक्सक्यूज मी, व्हेअर आर वी?
मी कागदावर बोट फिरवलं.
एक्सक्यूज मी, व्हेअर इज द स्टेशन?
तिने पान उलटलं. इज इट फार?
मी म्हटलं, व्हिच प्लॅटफॉर्म?
तिच्याकडे प्रश्नच, माझ्याकडेही प्रश्नच.
उत्तरं छापायचं कुणालाच सुचलं नव्हतं.
मागच्या म्हाताऱ्या इतक्या हसल्या
की एकीने फडकं सोडून खाचापुरी काढली
आणि पहिला तुकडा पाहुणीला दिला.

तोंड पुसून तिने विचारलं, हाउ लाँग?
माझ्या तोंडून निघून गेलं: इलेव्हन.
तिने मान हलवली, घड्याळ पाहिलं,
काचेवर बोट ठेवून बसली,
इतक्या भरवशाने
की मला सांगवेना.
मग मीही मोजू लागलो.

चौदाव्या मिनिटाला वळणापलीकडे
बुलडोझर खोकला.
ती माझ्याकडे वळून हसली. लेट, म्हणाली.

येस, म्हटलं. लेट.
व्हेरी.