बूट धुऊन ये

आधी बूट धुऊन ये, मेरन.
बादलीत बुचकळून नाही, वाहत्या पाण्यात,
तळव्याच्या खाचा काडीनं उकरून.
दगड मांडलेल्या पट्ट्यातून आलीस तू,
मी खिडकीतून पाहिलं.
तिथं काय झोपलंय ते डोळ्यांना दिसत नाही,
आणि वीस वर्षं ते उपाशीपोटी झोपू शकतं.

आता ये. कुदळ राहू दे.
कोबीच्या कुळाला भुसभुशीत गादी मानवत नाही.
गाजराला चालते, गाजर लाडावलेलं.
केलला पायाखाली ठाम काहीतरी लागतं,
शेटलंडच्या या वाऱ्यात,
जिथं झाडंसुद्धा उभी राहायला तयार नसतात.
शेण आणि समुद्राचं शेवाळ मी ऑक्टोबरातच पुरलं,
हिवाळाभर ते कुजलं, बसलं.
आता फक्त तुडवायचं.
टाचेवर भार दे. असं.
पावलाला पाऊल चिकटून,
लहानपणी माझ्या बुटांत पाय घालून चालायचीस तसं.
रोप लावल्यावर एक पान चिमटीत धरून ओढायचं:
पान फाटलं तर फाटू दे,
रोप हलता कामा नये.

पोत्यात वाळू आहे, शिंपल्यांची,
पश्चिमेच्या पुळणीवरून आणलेली.
तुझे आजोबा चिमूटभर जिभेवर ठेवायचे,
आणि मग थुंकत बसायचे तासभर.
ती आंबट मातीला गोड करते.
दुकानातला चुनाही करतो, पण तो हातांना चावतो.
फेक. अजून. मूठ उघडून फेक,
कोंबड्यांना दाणे टाकतेयस का?

दहा वर्षांपूर्वी तुझा बाप लर्विकहून ट्रे घेऊन आला,
माझ्या वाढदिवसाला.
चोवीस रोपं, प्रत्येकाला आपली काळी वाटी.
म्हणाला, आई, आता बी राखायची कटकट नको.
मी लावली. मुलानं आणलेलं कोण टाकतं?
ऑगस्टात ती दुपारी माना टाकायची
आणि संध्याकाळी पुन्हा उठून बसायची.
तहान असेल म्हणून मी पाणी घालत राहिले.
एक उपटलं तेव्हा
मुळं नव्हतीच खाली,
माझ्या आईच्या शेवटच्या वर्षांतल्या बोटांसारखं काहीतरी,
सांध्यासांध्याला सुजलेलं.

चोवीसच्या चोवीस पिंपात पेटवली.
ओली होती, दोन दिवस धुमसली.
एर्टीनं फोनवर विचारलं, कशी आहेत रोपं?
म्हटलं, मेंढ्या शिरल्या रे, कुंपण मोडून.
पुढच्या सुट्टीत येऊन त्यानं कुंपण नवं घातलं,
तीन दिवस पावसात, एकट्यानं.
अजून उभं आहे.
चांगलं कुंपण आहे.

चुना मातीला लावावा, माणसाला नाही,
कळतं मला.
तरी तू बोलू नकोस त्याला.

वर टेकडीवर ते गोल दगडी कडं आहे ना, छातीएवढं,
आपली रोपं त्यात हिवाळा काढून बसलीत,
माझ्या सासूच्या घरच्या बियांची,
वाकडीतिकडी, एकासारखं दुसरं नाही.
ही खालची माती तिथं कधी पोचली नाही.
मी तिथं अनवाणी जाते.
हसू नकोस, मार्चमध्येसुद्धा.
परवा काढू ती, या पट्ट्यात लावू.
इथं गेल्या वर्षी ओट होते, त्याआधी बटाटे,
आणि ते कुठं काय होतं
सगळं खडूनं शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलंय.
दार रंगवू देऊ नकोस कुणाला.

दगडांच्या त्या पट्ट्यात मात्र काही नाही,
सलगम नाही, मुळा नाही, मोहरीचं फूलही नाही.
चार पाकळ्यांचं तण दिसलं तरी उपट.
दहा वर्षं गेली, दहा राहिली.
मी एक्क्याऐंशीची.
हिशेब तू कर, तुझं गणित बरं आहे.

तो कोपरा राहिला, तिथं पाय बुडतोय अजून.
तुडव.
आणि जाताना माझेही बूट धू.
वाकवत नाही आता.