एका पानात

ग्लेस बेच्या वाचनालयात मंगळवारी दुपारी
मी लोकांना नोकरीचे अर्ज लिहून देतो.
मर्डीना मॅकआस्किल हातमोजे न काढताच बसली.
म्हणाली, "माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही.
बावीस वर्षं मी फक्त फोन उचलला."

आधी ते 'फक्त' खोडू, मी म्हटलं.

घरं तापवायचं तेल विकणारी कंपनी.
मालक गेला, मुलांनी टँकर विकले,
तिच्या टेबलावरच्या टेलिफोनला गिऱ्हाईक मिळालं नाही.
तो तिने घरी नेलाय. रोज पुसते.

मग मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं:
एकच पान. फोटो नको, वय नको.
'मनमिळाऊ', 'कष्टाळू' तर मुळीच नको,
ते सगळ्यांच्याच बायोडेटात असतात, आमटीतल्या पाण्यासारखे.
आकडा द्या. आकड्यावर लोकांचा विश्वास बसतो.

आकडा?
तिने छताकडे बघत हिशेब केला.
जानेवारीत दिवसाला नव्वद फोन,
वादळ असलं तर दोनशे.
रडणारे कधी मोजले नाहीत.
शिव्या देणारे एका वर्षी मोजले होते,
कॅलेंडरवर काड्या ओढून. एकशे चौदा.
"त्यातल्या साठेक जणांनी नंतर फोन करून माफी मागितली.
हे कुठे बसवायचं?"

मी टाइप केलं:
नाराज ग्राहकांपैकी निम्म्याहून अधिक पुन्हा जोडले.
ती हसली. "जोडले? मी काय सुतार आहे?
कुडकुडणारा माणूस शिव्या देतो
तेव्हा त्या मला नसतात हो, भिंतींना असतात.
मी थोडा वेळ भिंत व्हायची.
मग विचारायची, टाकीचा काटा कुठे आहे?"

हे पानात बसेना.

डोक्यावर बर्फ, तोंडात साखर,
एवढं तरी हिला शिकवायला नको, मी मनात म्हणालो.
टोपीवरचा बर्फ वितळून कीबोर्डवर ठिबकत होता,
आणि खिशातून तिने पेपरमिंटची गोळी काढून
माझ्यापुढे ठेवली.

बोलता बोलता एक रात्र निघाली.
फेब्रुवारी, डोनकिनचा रस्ता बंद,
एक ओली बाळंतीण, घरात एकटी,
ओव्हनचं दार उघडून त्यासमोर बाळाला धरून बसलेली.
टँकर बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागे, पावलापावलाने.
मर्डीना दोन तास चाळीस मिनिटं लाइनवर होती.

काय बोललात एवढं?

"पहिली पंधरा मिनिटं तेलाचं.
मग तिच्या आईचं. मग बटाट्याच्या सूपचं.
मग काहीच नाही. ती पाजत होती.
मी नुसती श्वास घेत होते,
तिला ऐकू जाईल असा."

मी नोकरीची जाहिरात तिच्यापुढे सरकवली.
अट तिसरी: प्रत्येक कॉल सरासरी चार मिनिटांत संपवता यावा.
तिने चष्मा लावला.
चारच्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली,
जणू तो काटा आहे आणि टाकी रिकामी.

"बाकीची रात्र गाळा," म्हणाली.
मी लिहिलं: आणीबाणीत ग्राहकाशी संपर्क कायम राखला.
सात मिनिटांत दोन तास चाळीस मिनिटं उरकली.

मधलं एक वर्ष कोरं होतं.
विचारावं लागतं, ते विचारतातच.
"ॲलिस्टर," ती म्हणाली. एवढंच.
नवरा की मुलगा, मी पुढे गेलो नाही.
'कौटुंबिक जबाबदारी' लिहू?
"लिहा. दोन शब्दांत मावतो आता तो."

प्रिंटरने दोन पानं काढली.
दुसऱ्यावर एकच ओळ सांडलेली:
मागितल्यास संदर्भ दिले जातील.
"कुणाचे देऊ? अर्धा गाव मला आवाजाने माहीत आहे.
दुकानात समोर आले तर ओळखणार नाही,
खोकले तर ओळखेन."

मी समास आवळला, अक्षरं बारीक केली,
ओळ वर ओढून घेतली. झालं एक पान.
ती घडी न घालता कुठे ठेवावं हे शोधत होती,
इतक्यात काउंटरवरचा फोन वाजला.

माझ्याआधी तिचा हात उठला होता.