नदीचं मूळ

फार्मिंग्टनच्या लॅबमध्ये माझं टेबल खिडकीशी.
बाटल्या येतात, मी आकडे देते.
आकड्याला आईबाप नसतात, म्हणून तो खरा,
असं अकरा वर्षं मानत आले.

मंगळवारी शहराच्या पेपरात चार ओळी:
पवनचक्कीजवळच्या विहिरीचं पाणी पिण्यायोग्य,
असं सूत्रांकडून समजतं.
सूत्रं. अनेकवचनी, नपुंसकलिंगी,
न दिसणारी, न चुकणारी.

त्याच दुपारी डेलबर्टच्या पिकअपमध्ये त्यांचा रेडिओ लागला होता.
डिने भाषा मला येत नाही.
बोलताना मध्येच श्वास अडतो,
अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसा,
मग एखादा ओळखीचा शब्द डोकं वर काढतो: डिझेल.
डेलबर्ट गाडी चालवता चालवता सांगत राहिला.

एक घोडी हरवलीय, कपाळावर पांढरा ठिपका.
कुणाच्या मावशीचा अंत्यविधी, शनिवारी दहाला,
येताना बटाट्याचं सॅलड आणा.
मग वेर्लीन नाकाई थांबली, खाकरली:
मी कडू पाण्याच्या कुळातली,
अनेक शेळ्यांच्या कुळासाठी जन्मलेली.
भाऊ म्हणतो, रविवारपासून मेंढ्या हौदाला तोंड लावत नाहीत.
मी पाहिलेलं नाही. त्याने पाहिलंय.
उद्या जाऊन बघेन, मग सांगेन.

एवढंच. पुढे टायरची जाहिरात.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात आमच्यात.
नदीला नाही विचारत, ऋषीलाही नाही.
माझ्या आजोबांना विचारायचे,
घोटभर पाण्याआधी,
भांडं द्यायचं की वरून ओंजळीत ओतायचं
ते ठरवायला.
म्हणून आईनं शिकवलं: नाव सांग, पुढचं गिळ.
ते गिळलेलं अजून घशात आहे.

आणि ही बाई कूळ सांगते
स्वतःला तारण ठेवल्यासारखं.
खोटं निघालं तर कुणाच्या दारात येऊन भांडायचं
हे ऐकणाऱ्याला ठाऊक असावं.

परत येऊन मी फाईल काढली.
विहीर, पवनचक्कीजवळ. पिण्यायोग्य.
खाली सही माझी.
नमुना कुणी घेतला? रकाना कोरा.
"कुठली पवनचक्की?" डेलबर्टनं विचारलं,
"त्या रस्त्याला नऊ आहेत."

म्हणजे सूत्र मीच होते.

बुधवारी वेर्लीन म्हणाली, मी गेले होते.
हौदात डोमकावळा मरून पडला होता, तो काढला.
मेंढ्या तरीही पीत नाहीत.
पाण्याचं मला कळत नाही,
ज्याला कळतं त्यानं येऊन सांगावं.

गुरुवारी मी स्वतः बाटली भरली.
झाकणावर तारीख, वेळ, माझं नाव,
आणि तिसऱ्या पवनचक्कीची गंजलेली शेपटी
कुठल्या दिशेला वळली होती, तेही.

पुढच्या शुक्रवारी स्टेशनवर तिनं माइक माझ्याकडे सरकवला.
"आधी तू कोण, ते."
हातातल्या कागदावर आर्सेनिकचा आकडा होता.
मी तो पालथा ठेवला,
आईच्या माहेरापासून सुरुवात केली,
मग आजोबांचं नाव, अख्खं,
मग आमची नदी, जी मार्चमध्येच आटते.

शेजारी डेलबर्ट त्यांच्या भाषेत सांगत होता.
आडनावाशी तो दोनदा अडखळला.
आटलेल्या नदीसाठी मात्र
त्याला शब्द शोधावा लागला नाही.