पूर्वआढावा

संपादकांचा फोन: चारशे शब्द, रात्री आठच्या आत,
आकडे ठासून भर, फोटोला जागा सोड.

तर घ्या.
फिरत्या चषकाचं हे सहासष्टावं वर्ष.
वजन सव्वाचार किलो. चांदीचा म्हणतात, आत पितळ.
त्र्याऐंशी सालच्या मिरवणुकीत त्याचा एक कान तुटला,
तो कुणा सोनाराने बसवला, जरा वाकडा.
सर्वाधिक विजेतेपदं: मडगाव, नऊ.
एका सामन्यात सर्वाधिक गोल: चौदा, जालंधरचे.
ते खाल्ले कुणी, तिथे पानावर चहाचा डाग आहे.
सर्वात जलद गोल: अकराव्या सेकंदाला.
गोलरक्षक तेव्हा मोजे वर ओढत होता.

संघ बत्तीस. बाद पद्धत.
म्हणजे पहिल्याच फेरीत सोळा जण बॅगा भरणार,
ओले टॉवेल पिळून, तसेच कोंबून.
हिशेब शाळकरी पोरालाही जमेल:
एक चषक व्हायला एकतीस पराभव लागतात,
आणि ते पंगतीत वाढल्यासारखे
प्रत्येकाच्या पानात एक-एक पडतात,
एकच पान कोरडं राहतं.

उद्या दुपारी तीनला, नांदेडला,
मडगावसमोर पूर्णा.
हो, पूर्णाच. जंक्शन.
जिथे गाडी उलट्या तोंडाने निघाली की
नवखा प्रवासी घाबरून उठतो.
मडगावकर परवाच उतरलेत, सोबत स्वतःचा आचारी.
पूर्णेचे सकाळच्या पॅसेंजरने येतील, बहुतेक उभ्यानेच.
उजव्या बगलेला सुमेध, तो सिलिंडर पोचवतो,
तीन-तीन मजले, लिफ्ट नसलेले.
गोलात असरार. अर्धापूरला ट्रकवर
केळीचे घड झेलतो, डाग पडू न देता.

आणि इतिहास?
कार्यालयातल्या फायलीत पूर्णेची एकच ओळ:
"१९६९. उपउपांत्य फेरी. पराभूत."

ती ओळ घेऊन लिंबाजी खंदारेंकडे गेलो.
लोको शेडातले फायरमन, तेव्हाचे गोलरक्षक,
वय एक्क्याऐंशी. दारातच विचारलं,
"काय लिहायलास?"
दाखवलं.
चष्मा न लावताच वाचलं त्यांनी.

"पराभूत कुनी लिहिलं हे?
कटकला तीनदा खेळलो आमी, त्याच एका संघाशी.
जादा वेळ धरून तीनशे साठ मिनिटं.
माझ्या मागच्या जाळीला वारा लागला, चेंडू नाही.
मग पंचानं खिशातून दहा पैसे काढले.
आल्फ्रेड बोलला, काटा.
पडला छापा."

भिंतीवरचा पंखा एकदा इकडे, एकदा तिकडे.

"तवापासून तसंच हाय बघ.
छापा त्यांचा, काटा आपला."

छापणारा मी. वही मिटली.

संध्याकाळी मला रेल्वे मैदानावर नेलं.
शेड आता नाही, मीटरगेज उखडलं,
गोलाचे खांब मात्र जुन्या रुळांचेच.
सराव थांबला. असरार बाजूला सरकला.
म्हातारा एका खांबाला पाठ लावून निघाला,
टाचेला चवडा, टाचेला चवडा,
ओठांत आकडे, चपलेचा अंगठा तुटलेला,
आणि दुसऱ्या खांबाला हात लागल्यावर म्हणाला,
"साडेएकोणतीस.
तवा अठ्ठावीस भरायची."

खांब सरकले असतील, कुणीतरी म्हणालं.

"रूळ हाय तो. सरकत नसतो.
पाऊल आटायलंय."

आठला पाच कमी.
शेवटी अंदाज लागतोच, संपादकांना तो ठळक हवा.
मडगावच्या कर्णधाराचा फोटो जाईल, तीन कॉलम,
माझे चारशेचे दोनशे होतील, माहीत आहे.
तरी लिहून पाठवलं:
पूर्णेचा गोल पंचावन्न वर्षांत
दीड पावलाने रुंद झाला आहे.
असरारने तेवढं बघावं.