शिवणीचा रंग

ऊसेनू रंगारी दार लावतो
आणि दारालाच पाठ टेकून उभा राहतो.
सेंट-लुईच्या दवाखान्यात पंखा नुसता कुरकुरतो,
नदीवरून सुक्या मासळीचा वास.
लग्नाला बावीस दिवस.

खिशातून एक ट्यूब काढून टेबलावर ठेवतो.
उजळ करणारी. बाजारातली. निम्मी पिळलेली.
"कुठे लावलीस?"
तो खिडकीकडे बघतो.

तपासलं. लाल झालंय, सालपटं निघालीत.
हे सगळं क्रीमनेच केलेलं.
"तिथे काळं होतं," तो म्हणतो, "अंगापेक्षा काळं.
वाटलं, आत काही वाईट आहे."

मी शहाणपणाने विचारतो,
"कापडाच्या घडीत रंग दाट बसतो ना?"
"छे! घडीत तर पोचतच नाही."

माझी उपमा त्याच्याच हौदात बुडाली.

मग पंखा थोडा वेळ एकटाच बोलतो.
"शिवणीवर बसतो दाट," तो हळूच म्हणतो,
"तिथे कापड दुहेरी असतं."
मी सांगतो, तिथेही एक शिवण असते,
मधोमध, जरा गडद,
तुला, मला, पलीकडच्या इमामसाहेबांना.
पहिल्यांदाच हसला.

कोमट पाणी. अत्तराचा साबण नको.
घासू नकोस, टिपून घे. चड्डी सुती, सैल.
डाग नवा उठला, वाढला, चिघळला तर मात्र लगेच ये.
"आणि बायकोला?"
"तिला काय, तिचेही कोपर काळेच असतील."

गेला. कडीवर निळं बोट उमटलेलं.

रात्री आंघोळीला उभा राहिलो.
छप्पन्न वर्षांचा, तीस वर्षं लोकांना तपासणारा मी
आज पहिल्यांदाच
खाली नीट पाहिलं.