तूट

मी काटे तपासते. सरकारी नोकरी.
पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन
पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक शोधायचं,
खरं वजन ठेवायचं, शिक्का मारायचा, पावती फाडायची.
म्हणून परळच्या इस्पितळात नवव्या दिवशी
सिस्टर म्हणाली, 'एकशे नव्वद ग्रॅम उतरलंय,'
तेव्हा मी आधी काट्यावरच संशय घेतला.
शून्य पाहिलं. पातळी पाहिली.
काटा बरोबर होता.

तू तर पीत होतास.
अधाशासारखा, दोन्हीकडचं, वर वाटीचमच्याने,
आणि पिऊन झाल्यावर पुन्हा तोंडाने चाचपडत होतास.
झोप नाही. डोळे टक्क.
कपाळाला घाम, पंखा पाचवर,
आणि छातीवर हात ठेवला तर आत कुणीतरी
शिवणयंत्राचं पायडल मारत सुटलेलं.
मॉनिटरवर दोनशे अठरा.
सासूबाई मीठमोहऱ्या घेऊन आल्या. मी अडवलं नाही.

डॉक्टर वाच्छांनी तुला सोडून माझा गळा पाहिला.
काळ्या मण्यांच्या वर ही रेघ, आठ वर्षांची.
'थायरॉइड काढलाय ना तुमचा?'
काढलाय. रोज उपाशीपोटी गोळी घेते.
ती फाईल मी केव्हाच माळ्यावर टाकली होती.
'ग्रंथी गेली,' त्या म्हणाल्या, 'तिला चिथावणारे
अजून तुमच्या रक्तात फिरतायत.
वारेतून याच्याकडे गेले.
तिकडे त्यांना नवी कोरी ग्रंथी सापडली.'

म्हणजे मीच.
नऊ महिने लोह, कॅल्शियम, खजूर मोजून खाल्ले
आणि मोजणीत न धरलेलं हे एक दिलं.
मी म्हटलं, मग काढून घ्या.
'ते आपोआप संपेल. तीन महिने, चार.
उसनं आहे ते, त्याचं स्वतःचं नाही.
तोवर त्याचं हृदय थकू द्यायचं नाही, बस्स.'

तोवर
गोळी पाण्यात विरघळवून
सिरिंजवर त्यांनी शाईने केलेल्या खुणेपर्यंत.
उमाकांतचे हात थरथरायचे, म्हणून ते काम माझं.
हृदयाचं दुसरं औषध, गजर लावून.
टाचेतून रक्त, आठवड्याला, मग पंधरवड्याला.
ताप आला तर घरी थांबायचं नाही, तडक निघायचं.
बारसं पुढे ढकललं. केसपेपरवर तुझं नाव
'बेबी ऑफ शलाका रेवंडकर'.
रात्री दोन बोटं छातीवर, नजर घड्याळावर,
पंधरा सेकंद, गुणिले चार.
गोदीतला भोंगा वाजला की मोजणी चुके.
पुन्हा पहिल्यापासून.

कितवा आठवडा ते आठवत नाही,
एका रात्री मला जाग आली ती शांततेने.
नको ते मनात आलं, खोटं कशाला बोलू.
बोटं ठेवली.
एकशे बत्तीस.
झोपला होतास, नुसता.

मग वाच्छाबाईंनी औषध निम्मं केलं, मग पाव,
मग कागदावर एक आडवी रेघ.
'माझं सगळं उतरलं त्याच्यातून?'
'जवळजवळ.'
जवळजवळ हा शब्द आमच्या खात्यात चालत नाही.
चालवून घेतला.

कामावर रुजू झाले त्या सोमवारी
चांगुणाने पापलेट तोललं, आणि काटा स्थिरावल्यावर
वर ओंजळभर करंदी टाकली.
'पोराच्या आईला हाय ती.'
मापाबाहेरचं आम्ही घेत नाही.
घेतली.
पिशवी गळत होती. शिवडीपर्यंत बसभर वास.