माया

(जुफेर, मनामा. मार्च १९९१)

दुकान नाविक तळाच्या दारासमोर.
दिवसभर नावाच्या पट्ट्या टाचतो,
एका खिशावर आडनाव, दुसऱ्यावर देश.
दोरीवरचे सदरे संध्याकाळी काळवंडतात.
कुवेतच्या विहिरी जळतायत, काजळी इथवर येते.
पांढरं कापड सध्या घेत नाही.

हॉलोवे नावाचा पोरगा, एकोणीसचा असेल,
स्टुलावर उभा राहून पँटची उंची देत होता.
म्हणाला, आम्ही तेलासाठी नाही आलो.
कुणी विचारलं नव्हतं.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

नसत्या तर सांगितलं असतं,
सालमियातल्या माझ्या मेहुण्याने, दाऊद सारंगने,
मालकाचा मुलगा गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत
सात महिने लपवला.
परवा फोनवर म्हणाला, रणगाडा दिसला
आणि मी रस्त्यातच बसून रडलो, भाऊजी.
का आलात, असं विचारायला
तोंडात शब्दच नव्हता.

आणि हेही सांगितलं असतं
की उम्म नादिरची बहीण बसऱ्यात दिलेली.
रेडिओ म्हणाला, उठा.
तिचे दोघे मुलगे उठले.
मग वरून हेलिकॉप्टरं आली,
आणि तुमची फौज दुर्बिणीच्या अंतरावर
हुकमाची वाट बघत होती.
हुकूम आला, तो घरी परतायचा.

त्या बहिणीसाठी ईदचा झगा टाकलाय, हिरवा.
उम्म नादिर न्यायला आली नाही.
नको, असंही म्हणाली नाही.

मी ताग्याला दोष देत नाही.
ताग्यावरचा शब्द दोघींकडे सारखाच वाचला गेला.
कापड कुठे तोडायचं
ते कात्रीवाल्याच्या हातात.

टाचण्या काढल्या. तो खाली उतरला नाही.
"विश्वास नाही ना बसत, चाचा?"
बघितलं त्याच्याकडे. मनगटं बाहीबाहेर आलेली,
अजून उंची धरणारं अंग.
बसला. त्याच्यावर. तेवढ्यापुरता.

दुमडीत दोन बोटं माया ठेवली,
त्याला न सांगता.
इंग्रजीत हिला काय म्हणतात ठाऊक नाही.
आमच्याकडे साठवलेल्या पैशालाही हाच शब्द,
भुलीलाही,
आणि आई करते त्यालाही.
कुठल्या शिवणीत कुठली आहे
ते उसवल्यावर कळतं.

गुरुवारी त्याची बोट सुटली.
झगा खुंटीवर आहे.
रोज सकाळी झटकतो.